भिमाजींनी निवडलेला मॉनिटर

१

शुक्रवारी सकाळी साडेनऊला उज्ज्वलाने स्टुडिओच्या मागच्या खोलीचं दार ढकललं, तेव्हा भिमाजी अण्णा खुर्चीत बसलेले होते. मान एका खांद्यावर कललेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, उजवा हात माउसवर. "अण्णा, रात्री घरी गेलाच नाहीत वाटतं?" असं ती म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की अण्णांना आता दुसऱ्या कुणीतरी घरी न्यावं लागणार आहे.

खोलीत पेट्रोलच्या धुराचा शिळा वास होता. आळेफाट्यावर वीज गेली की मागच्या बोळातला जनरेटर लागायचा, तेव्हा तो वास नेहमीचाच. वरच्या झरोक्यातून, त्यात बसवलेल्या बंद पंख्याच्या पात्यांमधून उजेडाची एक पट्टी अण्णांच्या खांद्यावर पडली होती. एरवी त्या खोलीत उजेडाला थारा नव्हता. भिंतींना राखाडी रंग, आणि एकुलत्या एका खिडकीवर काळा कागद. तो कागद आदल्याच दिवशी उज्ज्वलाने अण्णांच्या सांगण्यावरून स्वतःच्या हाताने चिकटवला होता. झरोकाही झाकू का म्हणून तिने विचारलं, तर अण्णा हसले होते. "राहू दे. श्वास घ्यायला तरी जागा ठेव."

अण्णांसमोर टेबलावर दोन मॉनिटर शेजारी शेजारी होते. पुण्याच्या व्यापाऱ्याने आठ दिवस वापरून बघायला दिलेले. एक चकचकीत, दुकानात गिऱ्हाइकाचे डोळे दिपवणारा. दुसरा फिका, कुरूप, कपाळावर उजेड अडवणारी काळी झापड असलेला. गेल्या लग्नसराईत तीन अल्बम परत आले होते. अंजिरी शालू छापून चॉकलेटी आला, म्हणून एका नवरीच्या आईने काउंटरवर येऊन अण्णांची चाळीस वर्षांची अब्रू पाच मिनिटांत धुतली होती. तेव्हापासून अण्णांनी ध्यास घेतला होता. ते म्हणायचे, "चमक बघायची तर भांड्यांची बघावी. मॉनिटर असा पाहिजे, की छापून येईल तेच आधी दाखवील. मग ते बघवो अथवा न बघवो."

माणूस तसा नियमांचा. मागच्या खोलीत रंगीत कपडे घालून यायचं नाही, कारण त्यांचा रंग पडद्यावर पडतो; उज्ज्वला चौदा वर्षं साडीवर राखाडी एप्रन चढवत होती. पुढच्या खोलीतल्या काळ्या मखमली पडद्याला पाणी लावायचं नाही, कारण मखमल बसते. तो पडदा उन्हाने तांबूस पडला, तरी तीस वर्षांत त्याला पाण्याचा थेंब लागला नव्हता.

डॉक्टर आले. अण्णांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं होतं, त्यामुळे डॉक्टरांना फार विचार करावा लागला नाही. दुपारपर्यंत आळ्याच्या स्मशानात सगळं उरकलं. या भागात शेवटचे फोटो काढायला फोटोवाला बोलावतात. चाळीस वर्षं तो फोटोवाला म्हणजे अण्णाच. आता त्यांचेच फोटो कोण काढणार? मुलगा सूरज विधीला बसला होता, म्हणून अण्णांचा कॅमेरा उज्ज्वलाने उचलला. रडत रडत काढले तिने फोटो, पण एकही हलला नाही.

बायका म्हणत होत्या, "काय तेज हाय गं तोंडावर! झोपल्यागत दिसत्यात. लई पुण्यवान मानूस."

उज्ज्वलालाही तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं.

२

शनिवारी, नवव्या दिवशी, दशक्रियेच्या फ्लेक्ससाठी अण्णांचा फोटो करायचा होता. स्टुडिओ आठ दिवस बंदच होता, आजही शटर अर्धं खाली होतं. उज्ज्वला मागच्या खोलीत शिरली तेव्हा खोडदचे रामनाथभाऊ बाकावर येऊन बसलेलेच होते. अण्णांचे शाळेपासूनचे दोस्त. गावाजवळच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर तंत्रज्ञ म्हणून उभी हयात घालवली आणि आता निवृत्तीत लोकांचे रेडिओ दुरुस्त करीत. पडद्यावर टेकवून रंग मोजायचं एक छोटं यंत्र त्यांनी अण्णांना आणून दिलं होतं, ते न्यायला आले होते. निदान तसं ते म्हणाले.

"भाऊ, एक सांगू?" उज्ज्वलाने मोबाइल पुढे केला. "सकाळी व्यापाऱ्याच्या माणसाचा फोन आला होता. अण्णांनी त्या गुरुवारी संध्याकाळी त्याला मेसेज केलाय. हा बघा, त्याने मला पाठवला."

रामनाथभाऊंनी चष्मा वर करून वाचलं. सहा वाजून वीस मिनिटं. 'चकचकीत ठेवतो. फिका परत घेऊन जा. हिशोबाचं शुक्रवारी बोलू.'

"उलटं लिहिलंय," रामनाथभाऊ म्हणाले.

"अण्णा आणि उलटं?"

"मी बुधवारी दोन्ही मोजले होते, उज्ज्वला. चकचकीत निळ्याकडं झुकतो आणि काळं गिळतो. म्हंजे अंधारात चार वस्तू असल्या तर एक अंधारच दाखवतो. फिका बरोबर हाय. भिमाजीला मी सांगितलं, तर म्हनला, मला ठाऊक हाय." त्यांनी मोबाइल परत केला. "मग ठाऊक असून खोटा का निवडला त्यानं?"

आज दुपारी गाडी येऊन फिका मॉनिटर घेऊन जाणार होती. निदान तोवर वापरावा म्हणून उज्ज्वलाने त्यावरच अंत्यविधीचे फोटो उघडले, आणि तिचा हात थबकला.

अण्णांचे ओठ लाल होते. पान खाल्ल्यासारखे नव्हे. लहान पोर थंडीतून धावत आल्यावर असतात तसे. नखंही तशीच गुलाबी.

"हा मॉनिटर बिघडलाय," ती घाईने म्हणाली. "लाल जास्त दाखवतोय."

रामनाथभाऊ पुढे झुकले. मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा हार घालतोय तो सूरजचा हात ना? त्याची नखं बघ. आता शेजारची भिमाजीची. मॉनिटर बिघडला असता तर दोन्ही नखं बिघडली असती. एकाच फोटोत, एकाच उन्हात, जित्याची नखं फिकी आणि मेलेल्याची लाल कशी?"

उज्ज्वलाने फोटो मोठा केला.

"आमच्या गावात एकानं विहिरीत इंजिन उतरवून चालवलं होतं. दोन गडी आत राहिले. बाहेर काढले तेव्हा त्यांचेही ओठ असेच. बायका तेव्हाही म्हनल्या होत्या, काय तेज हाय." रामनाथभाऊंचा आवाज खाली गेला. "ते तेज नसतं. धूर असतो तो. भिमाजीचं हृदय बंद पडलं न्हाई. तो धुरानं गेला. खोली बंद होती का?"

उज्ज्वलाने खिडकीकडे बघितलं. काळा कागद जागच्या जागी होता, कडेने टेप लावलेला, एक सुरकुती नाही. तिचं काम नेहमीच चोख असायचं.

"मी बंद केली," ती म्हणाली.

३

"तेच म्हणतो मी, ताई."

दारात सूरज उभा होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. तो किती वेळ तिथे होता कोण जाणे.

"मला पहिल्या दिवशीच शंका आली होती," तो हळू आवाजात म्हणाला. "धुराचा वास मलाही आला. पण बोललो नाही. का? तुमच्यासाठी. खिडकी कुणी बंद केली हे सगळ्या फाट्याला माहीत आहे. उद्या पोलीस आले तर ते कागद बघतील आणि विचारतील, हा कुणी लावला? अण्णा तर आता उत्तर द्यायला नाहीत."

उज्ज्वलाने कागदाच्या कडेची टेप बोटाने चाचपली.

"सूरज, तू कुठं होतास त्या संध्याकाळी?" रामनाथभाऊंनी सहज विचारावं तसं विचारलं.

"पाच वाजताच निघालो. तुमच्याच खोडदला हळद होती. रात्री दीडला आलो, दमलो होतो, थेट घरी झोपलो. वाटलं, अण्णा स्टुडिओतच झोपलेत." तो पुन्हा उज्ज्वलाकडे वळला. "अण्णांच्या कॅमेऱ्यातल्या कार्डावरचे सगळे फोटो मी लॅपटॉपवर बघितलेत. चांगले आलेत. त्यातला एक काढा, फ्लेक्सला द्या आणि हे मिटवून टाका. अण्णा पुण्यवान होते, लोक म्हणतात तेच खरं राहू दे. काय?"

तो गेला. त्याच्या बोलण्यात धमकी कुठेच नव्हती; तरी उज्ज्वलाने उठून दार लावून घेतलं.

"भाऊ," ती म्हणाली, "पोरगी होते तेव्हा मला या माणसाने काम शिकवलं. आणि मी त्याला कागद लावून मारला का? एवढंच मला कळू द्या. मग तुरुंगात जायला लागलं तरी चालेल."

रामनाथभाऊंनी तिला खोटा धीर दिला नाही. "चल, बोळात बघू," एवढंच म्हणाले.

४

मागच्या बोळात गोरखचं ठिबक आणि मल्चिंग पेपरचं दुकान होतं. जनरेटर दोघांचा मिळून, चाकांच्या गाड्यावर ठेवलेला. टोमॅटोच्या वाफ्यांवर अंथरायच्या काळ्या कागदाची भेंडोळी बोळात अर्ध्यापर्यंत आली होती. त्यावरून गोरखचं आणि अण्णांचं महिन्यातून एकदा वाजायचंच.

"माझ्यावर येतंय का काय हे?" गोरखने लगेच कमरेवर हात ठेवले. "भांडन व्हतं, न्हाई म्हनत न्हाई. पन भांडन झालं की च्या बी आमी संगंच प्यायचो."

"तुझ्यावर काही येत न्हाई. नीट आठवून सांग. गुरुवारी जनरेटर कुणी चालू केला?"

"म्याच. साडेसहा ते नऊ लाइट जानार व्हती, आधीच समद्यांना सांगितलं व्हतं. साडेसहाला दोरी वढली, नऊला बंद केला." गोरखने डोकं खाजवलं. "एक मातर झालं, भाऊ. ह्याच्या धुराचं नळकांडं कायम रस्त्याकडं असतंय. त्या दिशी भिंतीकडं व्हतं. म्हनलं, कुनी झाडताना फिरवलं आसंल. सकाळी बघतोय तर पुन्यांदा रस्त्याकडं."

भिंतीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर, खोलीत वायर नेण्यासाठी पाडलेलं भोक होतं. मूठ जाईल एवढं. त्याच्या कडेच्या चुन्यावर काजळी धरली होती. रामनाथभाऊंनी ती बोटाने पुसून नाकाशी नेली.

"म्हणजे धूर कुणीतरी आत सोडला," उज्ज्वला म्हणाली. क्षणभर तिला हायसं वाटलं, पण क्षणभरच. "तरी भाऊ, खिडकी उघडी असती तर वाचले असते."

"झरोका होता की. धूर गरम, तो वर चढून निघाला असता. भिमाजीचं डोकं दुखलं असतं, उठून बाहेर आला असता." त्यांनी मान वर केली. बोळाच्या बाजूने झरोका गोरखच्या भेंडोळ्यांच्या वर हातभरच होता. चढायला शिडीचीही गरज नव्हती. "सकाळी झरोका उघडा होता?"

"होता. उजेड येत होता, अण्णांच्या खांद्यावर. चांगलं आठवतंय."

"मग तो माणूस मेला कसा?" रामनाथभाऊ स्वतःशीच बोलले.

५

उज्ज्वलाला रामनाथभाऊंच्या त्या प्रश्नाने घेरलं होतं, आणि उत्तर शोधायची तिला एकच जागा ठाऊक होती. ती पुन्हा कार्ड लावून बसली.

अंत्यविधीच्या फोटोंआधी कार्डावर अण्णांचे शेवटचे चार फोटो होते. मॉनिटर पारखायची त्यांची जुनी रीत होती: बसल्या जागेवरून समोरच्या भिंतीचा फोटो काढायचा, पडद्यावर लावायचा, आणि खरी भिंत व पडद्यावरची भिंत नजरेने ताडून बघायची. चारही फोटो गुरुवारचे, सहा वाजून पाच मिनिटांचे. ती घरी जाऊन अर्धा तास झाला होता आणि बाहेर अजून लख्ख उजेड होता.

चकचकीत मॉनिटरवर फोटोत राखाडी भिंत, खिडकीचा काळा चौकोन, आणि वरचा कोपरा नुसता काळा. तिने तोच फोटो फिक्या मॉनिटरवर ओढला.

कोपऱ्यातून पंख्याची पाती हळूहळू डोळ्याला लागली. झरोका होता फोटोत. पात्यांमागे उजेड असायला हवा होता, आणि तिथे काळं होतं.

"भाऊ! झरोका झाकलेला होता! मी गेल्यावर कुणीतरी झाकला आणि सकाळी मी यायच्या आत काढला!"

"बाहेरून झाकला असणार. भिमाजीचं ध्यान पडद्यात." रामनाथभाऊ झरोक्याखाली जाऊन उभे राहिले. "कशानं झाकला?"

उज्ज्वला पडद्याला नाक लागेल एवढी पुढे सरकली. चौदा वर्षं तिने नवरदेवांचे काळे कोट, काळ्या चंद्रकळा आणि काळे केस वेगवेगळे काढले होते. काळ्यातला काळा ओळखणं हे तिचं पोटापाण्याचं काम होतं. खिडकीवरचा तिचा कागद फोटोत राखट काळा दिसत होता. तिने मान वळवून खऱ्या खिडकीवरचा कागद बघितला. अगदी तोच. म्हणजे पडदा खरं बोलत होता. आणि झरोक्यातला काळा राखट नव्हता.

"मल्चिंग पेपर?" रामनाथभाऊंनी विचारलं, आणि गोरखकडून एक तुकडा फाडून आणला. तिने तो पडद्याशेजारी धरला. निळसर, तेलकट, चमकणारा. जुळेना.

"हा तांबूस आहे, भाऊ," ती सावकाश म्हणाली. "चमक नाही. उन्हाने उतरलेला काळा. हे कापड आहे."

बोलता बोलताच ती उठली आणि पुढच्या खोलीत गेली. जिथे तीस वर्षं काळा मखमली पडदा टांगलेला असायचा, तिथे नुसता गज होता.

६

सूरजचं घर आळे गावात, फाट्यापासून दहा मिनिटांवर. उज्ज्वला रामनाथभाऊंना घेऊन तिथे गेली. तो दशक्रियेची तयारी बघायला ओतूरला घाटावर गेला होता. वृषाली, त्याची बायको, ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. उज्ज्वलाने काही विचारायची गरजच पडली नाही. गच्चीच्या दोरीवर मखमली पडदा वाळत होता. बसलेला, आखडलेला, मेलेल्या जनावराच्या कातड्यासारखा.

"तो होय?" वृषाली म्हणाली. "माती देऊन आलो त्याच दिवशी ह्यांनी भिजत घातला. मी म्हटलं, अहो, अण्णा या पडद्याला पाणी लावू देत नव्हते, निदान आजच्या दिवशी तरी नको. तर माझ्यावरच खेकसले. दोनदा धुतला, वास जाईना, आज तिसऱ्यांदा धुतलाय."

"कसला वास?"

"पेट्रोलचा, ताई."

उज्ज्वला पायरीवर बसली. सकाळपासून छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलावा तसं तिला झालं, पण त्या दोरीकडे तिला पुन्हा बघवेना. कारण सूरजला तिने पाचवीत असल्यापासून बघितलं होतं. अण्णांच्या स्कूटरवर पुढे उभा राहून यायचा.

"पण का?" परत येताना ती सारखी विचारत होती. "स्वतःच्या बापाला? का, भाऊ?"

रामनाथभाऊंनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "गुरुवारी सकाळी भिमाजी माझ्याकडं आला होता. म्हनला, यात एक फोटो हाय, तुझ्याकडं बघ. काळ्यात काही दिसलं तर मला सांग. आणि न दिसलं तर लई बरं होईल. मी घरच्या कॉम्प्युटरवर बघितला. रात्रीचा रस्ता, बाकी काळोख. सांगायला जानार, तर तोच गेला."

स्टुडिओत येऊन फोटो उघडला आणि उज्ज्वलाने तो ओळखला. चौदा महिन्यांपूर्वीचा. डोंगरातली चिमाबाई, फाट्याच्या बाजारात आवळे विकून परत निघालेली, रस्त्याखालच्या मोरीजवळ गाडीने उडवली. गाडी थांबली नाही, सापडलीही नाही. पंचनाम्याचे फोटो नेहमीप्रमाणे अण्णांनी काढले होते. आवळे रस्ताभर पसरलेले.

फिक्या मॉनिटरवर मोरीखालच्या काळोखात एक तुकडा दिसत होता. गाडीच्या बंपरचा, आणि त्यावर अर्धं मोरपीस.

स्टुडिओच्या स्टिकरवरचं ते मोरपीस अण्णांनी स्वतः काढलेलं होतं. ते एकाच गाडीच्या बंपरवर चिकटवलेलं होतं. त्याच सुमाराला सूरजने बंपर बदलला होता. बिबट्या आडवा आला म्हणून गाडी दगडाला धडकली, असं त्याने सांगितलं होतं. या भागात बिबट्या रोज कुणाला ना कुणाला आडवा जातो, त्यामुळे कुणी खोलात शिरलं नाही. आणि बुधवारी अण्णांनी सूरजला काउंटरवर विचारलेला प्रश्नही तिला आता आठवला. तेव्हा तिला तो निरर्थक वाटला होता.

'तुझ्या गाडीचा जुना बंपर कुठं टाकलास रे?'

७

दुपारी सूरज आला तेव्हा फिक्या मॉनिटरवर दोन फोटो शेजारी शेजारी लावलेले होते. बाजूला बोळात गोरखला उभं केलेलं, आणि रामनाथभाऊंनी पोलीस ठाण्यात फोन केलेला. सूरजने आधी झरोका बघितला, मग मोरपीस. तो ओरडला नाही. भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"लॅपटॉपवर हे काही दिसलं नव्हतं," तो म्हणाला.

"नसणारच दिसलं," उज्ज्वला म्हणाली. "पडदा कधी लावलास?"

"तुम्ही घरी गेलात, लगेच. नळकांडंही तेव्हाच फिरवलं. खोडदला उशिराच पोचलो, रात्री परतताना पडदा काढला." त्याने मान खाली घातली. "ती बाई अचानक आडवी आली हो, ताई. मी काय मुद्दाम केलं का? आणि अण्णांना तुम्ही ओळखता. एकदा दिसलं की ते छापल्याशिवाय राहिले असते का? शालूचा रंग चुकला तरी जेवायचे नाहीत. मला लेक आहे, आरोही, दोन वर्षांची. दुसरा मार्गच ठेवला नव्हता त्यांनी."

"आणि माझ्यावर ढकलणार होतास?"

सूरजने खिडकीवरच्या कागदाकडे बघितलं.

सकाळपासून उज्ज्वला स्वतःचेच हात बघत होती. तिला ओरडायचं होतं. पण तेवढ्यात तिची नजर दोन मॉनिटरवर गेली आणि सकाळपासून न सुटलेलं कोडं एकदम सुटलं. ठाऊक असून अण्णांनी खोटा मॉनिटर का निवडला. आठ दिवस ते दोन मॉनिटर समोर ठेवून काय बघत होते. अंजिरी शालू नव्हे. एकावर मोरपीस दिसत होतं, एकावर दिसत नव्हतं, आणि त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा चूक असलेलं यंत्र हवं होतं.

तिने मोबाइल उघडून सूरजच्या हातात दिला.

"वाच."

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं.

"सहा वीस," उज्ज्वला म्हणाली. "तू झरोका झाकलास त्यानंतरचा आहे. झरोका बंद, आत तू कोंडलेला अण्णा, आणि तो काय लिहितोय बघ. चकचकीत ठेवतो. ज्याच्यावर तुझं काही दिसत नाही तो. चिमाबाईला त्याने काळोखात ठेवली, सूरज. तुझ्यासाठी. चाळीस वर्षांची नजर त्याने तुझ्यावरून ओवाळून टाकली होती, आणि तू तासभर थांबला नाहीस."

सूरज भिंतीवरून घसरत खाली बसला. आतून, पोटातून काहीतरी आवाज आला त्याच्या, आणि मग तो थांबेचना. रामनाथभाऊ तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहिले. त्यांनाही आपला दोस्त आजच पुरता कळला होता, आणि जे कळलं ते सगळं काही चांगलं नव्हतं.

पोलीस त्याला घेऊन गेल्यावर थोड्या वेळाने शटर वाजलं. व्यापाऱ्याचा माणूस खोका घेऊन आत आला. रस्त्यावरची गर्दी बघून तो जरा बावरला होता.

"फिका न्यायचा आहे ना?" त्याने विचारलं. "अण्णांचा तसा निरोप होता."

उज्ज्वला दोन्ही मॉनिटरसमोर उभी राहिली. एकावर काळोख होता. दुसऱ्यावर मोरी होती, मोरपीस होतं, आणि रस्ताभर पांगलेले आवळे, एकेक मोजता येईल असे.

"तो निरोप चुकीचा होता," ती म्हणाली, आणि चकचकीत मॉनिटरची वायर काढून त्याच्या हातात दिली.